सोफिया ते सिंगापूर, कमी पैशांत: नियोजनाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आराखडा: दोन माणसं, बल्गेरियातल्या सोफियाहून सिंगापूरपर्यंत, शक्य तितकं जमिनीवरून. परतीला विमान, अथेन्सपर्यंत. ऑगस्टअखेर निघायचं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत. सोफियाला यायचं कसं आणि अथेन्सहून पुढे कुठे जायचं हे या फाइलीत नाही.

फक्त पैसे वाचवायचे असतील तर हा मार्ग धरूच नये. युरोपातून आग्नेय आशियात जाणारं स्वस्त विमान सात आठवड्यांच्या मुक्काम-जेवणासमोर कधीही स्वस्तच पडतं. रस्ता आणि रेल्वे हेच ज्याला हवं आहे त्याने ते खिसा न फाटता कसं करावं, एवढाच इथला प्रश्न.

वाटेत दहा देश आणि जवळपास तितकीच चलनं. म्हणून हिशोब चलनात न मांडता एककांत. माणशी एकूण बजेट १०० एकक:

वाहतूक ३८
मुक्काम २४
जेवण १६
व्हिसा, विमा, कागदपत्रं १०
राखीव १२

राखीव रकमेला निघेपर्यंत हात लावायचा नाही. नियोजनातच ती वापरली गेली तर वाटेत पहिली गाडी चुकली की उरलेला प्रवास उधारीवर.

१९ जानेवारी

मार्ग. नकाशावर सगळ्यात सोपी दिसणारी ओळ म्हणजे तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान. ती तुटते अझरबैजानपाशी. या देशाने मार्च २०२० पासून प्रवाशांना जमिनीवरून प्रवेश बंद ठेवला आहे आणि बंदीला दर काही महिन्यांनी मुदतवाढ मिळते. तिबिलिसीहून बाकूला विमानाने जाऊन तिथून कॅस्पियनची फेरी पकडता येते. पण अल्यात बंदरातली ही बोट मुळात मालवाहू. वेळापत्रक नाही, डब्बे-ट्रक भरले की सुटते. कधी त्याच दिवशी, कधी चार-पाच दिवसांनी. आणि अझरबैजानच्या व्हिसाचे दिवस तिकडे सरतच असतात. पुढे तारीखवार आरक्षणं असलेल्या योजनेत ही बोट बसत नाही.

कार्स-तिबिलिसी-बाकू रेल्वेचं उद्घाटन ऑक्टोबर २०१७ मध्ये झालं, म्हणून ती नकाशात ठळक दिसते. धावते मालगाडी. प्रवासी गाडी धरून आखलेले जुने आराखडे इंटरनेटवर भरपूर आहेत, त्यांना हात लावू नये.

रशियातून वळसा: जॉर्जियाहून व्लादिकाव्काझ, अस्त्राखान, मग कझाकस्तान. भाडं सगळ्यात कमी. पण मार्च २०२२ पासून बाहेरच्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, सगळा प्रवास रोखीवर, आणि बऱ्याच विमा पॉलिसी त्या भागात लागू नाहीत. बाद. इराण-तुर्कमेनिस्तानचा विचारही केला. तुर्कमेनिस्तानला निमंत्रणपत्र लागतं आणि त्यामागून येणारा खर्च राखीव रक्कम गिळून टाकतो. तेही बाद.

ठरलं: तिबिलिसी ते अक्तौ (कझाकस्तानचं कॅस्पियनकाठचं शहर) हा एकच टप्पा विमानाने. बाकी सोफियापासून सिंगापूरपर्यंत रेल्वे आणि बस.

२ फेब्रुवारी

वाहतुकीचे ३८ एकक असे वाटले:

सोफिया-इस्तंबूल रात्रगाडी १
इस्तंबूल-तिबिलिसी बस २
तिबिलिसी-अक्तौ विमान ४
अक्तौ-अल्माटी रेल्वे २
अल्माटी-उरुम्ची बस २
उरुम्ची ते कुनमिंग, टप्प्याटप्प्याने ७
कुनमिंग-व्हिएन्तिआन ३
व्हिएन्तिआन-बँकॉक १
बँकॉक ते सिंगापूर २
सिंगापूर-अथेन्स विमान १२
स्थानक-विमानतळापर्यंतची ये-जा २

शेवटची ओळ बहुतेकांच्या हिशोबात नसतेच. वास्तविक स्वस्त तिकिटांची स्थानकं आणि विमानतळं शहरापासून लांब असतात, त्यामुळे स्वस्त प्रवासात ही ओळ फुगते. अक्तौचं रेल्वेस्थानक शहराबाहेर आहे. व्हिएन्तिआनचं चीन-लाओस रेल्वेचं स्थानकही तसंच लांब आहे, आणि थायलंडची गाडी भलत्याच स्थानकातून, खामसावातहून सुटते. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन वेगळ्या खंडांत. नवा युरोपच्या बाजूला, सबिहा गोकचेन आशियाच्या. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडणाऱ्या दोन तिकिटांमधला तीन तासांचा फरक कागदावर पुरेसा दिसतो, रस्त्यावर पुरत नाही.

१६ फेब्रुवारी

तारखा उलट्या बाजूने लावल्या. अडणारी तारीख चीनमध्ये आहे: १ ते ८ ऑक्टोबर राष्ट्रीय दिन आणि मध्य-शरद सणाची जोडसुट्टी. त्या आठवड्यात आरक्षण मिळत नाही, मिळालं तर वरच्या वर्गाचं, आणि जमिनीवरच्या काही सीमाचौक्या सुटीत बंद असतात. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी चीन सोडायचा.

सोफिया २३ ऑगस्ट (शनिवार)
तिबिलिसीहून उड्डाण २ सप्टेंबर
अल्माटी ६ सप्टेंबर
खोर्गोस (कझाकस्तान-चीन सीमा) १० सप्टेंबर (बुधवार)
चीनमधून बाहेर २४ सप्टेंबर
बँकॉक २८ सप्टेंबर
सिंगापूर ८ ऑक्टोबर
विमान १० ऑक्टोबर

सीमा ओलांडायचे दोन्ही चिनी दिवस मुद्दाम बुधवारी. काही कारणाने चौकी त्या दिवशी बंद निघाली तर दुसरा प्रयत्न गुरुवारी होतो. शुक्रवार धरला आणि हुकला, तर दोन-तीन रात्रींचा मुक्काम अंगावर.

घड्याळंही याच फाइलीत: तुर्कस्तान +३, जॉर्जिया +४, कझाकस्तान +५, चीन +८, लाओस आणि थायलंड +७, मलेशिया आणि सिंगापूर +८. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून देशभर एकच वेळ केली आहे, त्यामुळे अल्माटीची त्याआधीची वेळापत्रकं एका तासाने चुकतात. खोर्गोसला एका पावलात तीन तास पुढे जायला होतं. सीमेपलीकडच्या शिनजियांग प्रांतात स्थानिक लोक बोलताना बेजिंगपेक्षा दोन तास मागची वेळही वापरतात. रेल्वे-बसची तिकिटं मात्र बेजिंगच्या वेळेने. बसवाल्याने तोंडी वेळ सांगितली तर कुठली, ते विचारून घ्यायचं.

९ मार्च

व्हिसा. दोघांचे पासपोर्ट वेगळ्या देशांचे, म्हणून फाइलीत दोन रकाने: 'क' आणि 'ख'. 'क'ला बहुतेक ठिकाणी व्हिसा लागत नाही. सगळं नियोजन 'ख'च्या रकान्यावरून ठरतं, कारण एकाचा व्हिसा अडला की दोघांची तिकिटं वाया.

आधी पासपोर्ट. आग्नेय आशियात प्रवेशाच्या दिवशी सहा महिने मुदत शिल्लक हवी. शेंगेनचा (एकमेकांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट, व्हिसा सामाईक) नियम वेगळा: बाहेर पडायच्या तारखेनंतर तीन महिने, आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला. शिक्के आणि चिकटव्हिसे धरून कोरी पानं मोजली. व्हिसा चिकटवणाऱ्या प्रत्येक देशाला अख्खं पान, शिवाय दोन पानं शिल्लक.

शेंगेनची खोच अशी. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीच्या सीमांसकट पूर्ण शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे सोफियातले दिवस शेंगेनच्या '१८० दिवसांत जास्तीत जास्त ९०' या मर्यादेत मोजले जातात, आणि तुर्कस्तानच्या सीमेवर 'ख'चा शेंगेनमधून बाहेर पडल्याचा शिक्का बसतो. परतीला अथेन्सला उतरताना तो पुन्हा शेंगेनमध्ये शिरणार. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो आधीच संपलेला, आणि सिंगापूरच्या काउंटरवरच विमानात चढू देणार नाहीत. दोन प्रवेशांचा किंवा बहुप्रवेश व्हिसाच मागायचा आणि अर्जाला दोन्ही प्रवेशांचे कागद जोडायचे.

अर्ज कुठल्या देशाकडे? दोन भेटी दोन महिन्यांच्या आत असतील तर ज्या देशात जास्त दिवस राहायचं तो. सोफियात दोन दिवस, अथेन्सला तीन. म्हणून ग्रीस, पहिला प्रवेश बल्गेरियात असला तरी. शुल्क प्रौढाला ९० युरो (जून २०२४ पासून), केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणू शकतात. विमा किमान ३०,००० युरोचा.

मग क्रम. काही पासपोर्टांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा चालू शेंगेन व्हिसा असेल तरच मिळतो, म्हणून शेंगेन आधी. चीनचा उलट: व्हिसावर 'या तारखेच्या आत प्रवेश करा' आणि 'प्रवेशानंतर इतके दिवस राहा' अशा दोन स्वतंत्र गोष्टी असतात. एकेरी प्रवेशाला पहिली मुदत बऱ्याचदा दिल्या दिवसापासून तीन महिने. प्रवेश १० सप्टेंबरला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला व्हिसा सीमेवर पोचायच्या आधीच बाद. चीनचा अर्ज १ जुलैनंतर. तोवर शेंगेन हातात हवा, कारण एका वेळी पासपोर्ट एकाच दूतावासात असतो.

'ख'चं वेळापत्रक: शेंगेन एप्रिलमध्ये, तुर्कस्तान मेअखेर, चीन जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. जुलैचा दुसरा पंधरवडा मोकळा. तो मोकळाच ठेवायचा.

चीनची २४० तासांची व्हिसामुक्त संक्रमण सवलत (डिसेंबर २०२४ पासून, ५० हून अधिक देशांच्या नागरिकांना) इथे उपयोगाची नाही. ती ठरावीक प्रांतांतल्या ठरावीक प्रवेशद्वारांनाच लागू आहे आणि शिनजियांग त्यात नाही. खोर्गोसहून शिरणाऱ्याने ती धरू नये.

ई-व्हिसाबद्दल एकच: तो देशाला नव्हे, यादीतल्या चौक्यांना लागू असतो. राजधानीच्या विमानतळावर चालणारा ई-व्हिसा जंगलातल्या रेल्वे चौकीवर चालेलच असं नाही. लाओसची यादी अर्जाच्या दिवशी आणि निघण्याआधी अशी दोनदा तपासायची.

३० मार्च

परतीचं विमान आधी घेतलं, कारण ३८ पैकी १२ एकक एकट्या त्याचे.

पूर्ण सेवेच्या कंपन्यांचं लांब पल्ल्याचं एकेरी तिकीट बरेचदा जाण्या-येण्याच्या निम्म्याहून खूप महाग असतं. परतीचं तिकीट काढून जातानाचा भाग सोडून द्यायचा, ही क्लृप्ती उलटते: पहिला टप्पा वापरला नाही की पुढचे सगळे आपोआप रद्द. स्वस्त कंपन्या प्रत्येक टप्प्याची किंमत स्वतंत्र लावतात, म्हणून एकेरी प्रवाशाला त्या सोयीच्या. स्कूट या सिंगापुरी स्वस्त कंपनीचं सिंगापूर-अथेन्स थेट विमान आहे. थेट असल्याने मध्ये जोड (विमान बदलणं) नाही, आणि 'ख'ला कुठल्या तिसऱ्या देशाचा संक्रमण व्हिसा लागत नाही.

बघितलेला दुसरा पर्याय: दोन वेगळी तिकिटं, मध्ये क्वालालंपूर. दीड एकक स्वस्त. पण तिथली दोन टर्मिनलं वेगळी आहेत, एकावरून दुसऱ्यावर जायची गाडी इमिग्रेशनच्या बाहेरून सुटते. म्हणजे मलेशियात प्रवेश, सामान घेणे, पुन्हा चेक-इन. व्हिसा, बॅगचं दुसरं भाडं आणि उशिराचा धोका धरला तर दीड एकक तिथेच जातात.

विमानाला उशीर झाल्यास मिळणाऱ्या भरपाईबद्दल गैरसमज फार. युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम संघातून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे. बाहेरून संघात येणाऱ्या विमानाला मात्र कंपनी संघातली असेल तरच. सिंगापूरहून अथेन्सला येणाऱ्या सिंगापुरी कंपनीला तो लागू नाही. म्हणून विम्यात उशिराचं कलम आहे का, ते वेगळं बघितलं. अथेन्सनंतरचं तिकीट जो कोण काढेल त्याने मध्ये एक रात्र ठेवावी.

नाव पासपोर्टच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळींत जसं आहे तसंच टाकायचं. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर कंपनीचा नियम वाचून मगच. स्वस्त तिकिटात नाव दुरुस्त करायला जवळपास नवीन तिकिटाएवढे पैसे पडतात.

२० एप्रिल

जोडांचा तक्ता. या फाइलीतलं सगळ्यात कामाचं पान हे.

बजेट भाड्यांमुळे क्वचितच कोसळतं. भाडं आधी माहीत असतं. पैसे गळतात ते दोन तिकिटांच्या मधल्या जागेत: उशीर, रात्र, बॅग, टॅक्सी, व्हिसा. म्हणून प्रत्येक जोडाला चार प्रश्न विचारले. आधीचं वाहन किती उशिरा येऊ शकतं? पुढचं चुकलं तर त्यानंतरचं कधी? नवं तिकीट केवढ्याला? आणि तोवर थांबायचं कुठे?

उदाहरण तिबिलिसीचं. इस्तंबूलची बस चोवीस तासांहून जास्त घेते. सार्पच्या तुर्कस्तान-जॉर्जिया सीमेवर सगळ्यांनी सामानासकट उतरून लांब बोळातून चालत जायचं आणि पलीकडे बसची वाट बघायची. गर्दीच्या दिवशी तिथेच तीन-चार तास. अक्तौची उड्डाणं रोज नाहीत. विमान चुकलं तर ऐनवेळचं तिकीट सुमारे ६ एकक, वर थांबण्याचे २: एकूण ८. चुकण्याची शक्यता आमच्या अंदाजाने पाचात एक धरली तर अपेक्षित नुकसान १.६ एकक. दोन जादा रात्री तिबिलिसीत काढल्या तर सव्वा एकक. म्हणून जादा रात्री घ्यायच्या. हाच हिशोब बँकॉक-पदांग बेसारला (थायलंड-मलेशिया सीमा) लावला तर उत्तर उलट येतं: पुढची गाडी लवकर मिळते, तिकीट स्वस्त, जादा रात्र नको.

इतर जोड थोडक्यात.

सोफिया-इस्तंबूल: गाडी कापिकुले सीमेवर मध्यरात्रीनंतर थांबते, सगळ्यांना सामानासकट खाली उतरवून तपासतात. झोप अर्धीच होणार. गाडी शहराच्या टोकाला हाल्कालीला संपते, पुढे मार्माराय लोकलने. तिकीट सोफिया स्थानकावरच्या आंतरराष्ट्रीय खिडकीवर. ऑगस्टात ते दोन दिवस आधी काढायचं, म्हणून सोफियात दोन दिवस.

अक्तौ: विमानात चढवताना कझाकस्तानातून बाहेर पडण्याचा पुरावा मागतात. काउंटरवरचा माणूस आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या टायमॅटिक प्रणालीत दिसेल त्यावर चालतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. चीनचा व्हिसा आणि अल्माटीपुढच्या प्रवासाचा कागद हाताशी छापून.

खोर्गोस: रेल्वे की बस? कझाकस्तानचा रूळ १५२० मिलिमीटर, चीनचा १४३५. गाडी सीमेवर तासन्‌तास अडकते. बसमध्ये दोन्ही चौक्यांवर सामान उतरवावं लागतं, तरी वेळ कमी जातो. म्हणून बसच. चीनच्या बाजूला फोन तपासला जाऊ शकतो, बॅग बारकाईने उघडतात. खिशातली चाकू-कात्री आधीच काढून टाकावी.

रात्रीचा प्रवास हा मुक्कामाचे पैसे वाचवायचा जुना उपाय. पण सलग दोनपेक्षा जास्त नको. तिसऱ्या सकाळी माणूस पहिल्या दिसेल त्या हॉटेलात दुपारच्या आधीच खोली मागतो आणि त्या खोलीत आधीच्या दोन रात्रींची बचत जाते. अपवाद अक्तौ-अल्माटी, कारण तिथे दुसरा पर्यायच नाही.

११ मे

कझाक रेल्वे: अक्तौ ते अल्माटी अडीच-तीन दिवस. वर्ग प्लात्सकार्त, म्हणजे दारं नसलेला ५४ बर्थचा डबा. विषम क्रमांक खालचे, सम वरचे. १ ते ३६ कप्प्यांत, ३७ ते ५४ बाजूचे. ३५ ते ३८ शौचालयाच्या दाराशी, ते टाळायचे. बाजूचे बर्थ आखूड, उंच माणसाचे पाय वाटेत येतात. दोघांनी एकाच कप्प्यात एक खालचा, एक वरचा घेतला की दिवसा खालचा बसायला होतो. गरम पाणी डब्यातल्या बंबातून फुकट आणि चोवीस तास, त्यामुळे सुकं जेवण बरोबर घेतलं की तीन दिवसांचा जेवणखर्च एका दिवसाएवढा. टाल्गो गाड्या वेगवान पण महाग. त्या रेषेवर घाई करून काही मिळत नाही.

१ जून

सामान. ठरवलेला नियम: माणशी एकच बॅग, जास्तीत जास्त ७ किलो. हा आकडा हवेतून आलेला नाही. स्कूटमध्ये केबिनला १० किलो चालतात, पण पर्याय म्हणून धरलेल्या एअरएशियात ७. ऐनवेळी कंपनी बदलावी लागली तर जी सगळ्यात कडक तिच्यात बसलं पाहिजे. गेटवर भरलेलं सामानाचं भाडं आधी भरलेल्याच्या कितीतरी पट असतं.

बॅग चेक-इन करावीच लागली तर: हरवल्यास किंवा मोडल्यास माँट्रियल कराराखाली भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ विशेष आहरण अधिकार, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची हिशोबाची एककं (२८ डिसेंबर २०२४ पासून). मोडलेल्या बॅगची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्यासाठी एकवीस दिवसांत. विमानतळावरच्या काउंटरवर नुसतं नोंदवून थांबायचं नाही, कंपनीला लेखी पाठवायचं.

द्रवपदार्थ १०० मिलिलिटरच्या आतल्या डब्यांत, सगळे मिळून एक लिटरच्या पिशवीत. ई-सिगारेट नको, थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडे बंदी आहे.

६ जुलै

पॉवर बँकची ओळ बदलावी लागली. आंतरराष्ट्रीय मर्यादा १०० वॉट-तास, आणि फक्त केबिनमध्ये. २०,००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, ते बसतं. पण २८ जूनपासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी (चीनच्या सक्तीच्या प्रमाणनाची) खूण नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. आपल्या योजनेत तिथे विमान नाही. मात्र रेल्वेचं आरक्षण न मिळाल्यास उरुम्ची-चेंगदू विमान हा पर्याय लिहून ठेवला आहे, आणि त्या दिवशी सुरक्षा तपासणीत पॉवर बँक टाकून द्यावी लागेल. खूण असलेलीच घ्यायची. क्षमता वॉट-तासांत छापलेली आणि वाचता येणारी हवी, पुसट असेल तरी काढून घेतात.

'ख'चा चीनचा अर्ज दिला. अर्जातले मुक्काम आणि फाइलीतले मुक्काम एकच आहेत ना, ते पुन्हा जुळवून पाहिलं.

२० जुलै

पैसे. माणशी दोन कार्डं, वेगळ्या नेटवर्कची, वेगळ्या बॅगेत. यंत्राने 'तुमच्या चलनात रक्कम घेऊ का' असं विचारलं तर नेहमी नाही, स्थानिक चलन. 'हो' म्हटलं की दर दुकानदाराच्या बँकेचा. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतात, म्हणून तिथे एकदाच मोठी रक्कम काढायची. चीनमध्ये अलीपे किंवा वीचॅट पेला परदेशी कार्ड जोडता येतं. २०० युआनच्या आतल्या व्यवहारावर शुल्क नाही, वर ३ टक्के. मोठं बिल शक्य असेल तर दोन भागांत. ओळखपडताळणी निघण्यापूर्वीच करायची. सीमेवर नवीन सिमवर संकेतांक येत नाही, कारण बँकेचा संदेश जुन्या क्रमांकावर जातो. जुनं सिम फोनमध्येच राहू द्यायचं, डेटासाठी ई-सिम.

बाहेरच्या देशाच्या रोमिंग ई-सिमवर चीनमध्ये नेहमीची अ‍ॅप्स चालतात, हॉटेलच्या वायफायवर नाहीत. गूगल नकाशा तिथे काहीशे मीटर सरकलेला दिसतो. स्थानिक नकाशा आधीच उतरवून घ्यायचा आणि हॉटेलांचे पत्ते चिनी लिपीत छापून ठेवायचे.

३ ऑगस्ट

चिनी रेल्वेची विक्री १५ दिवस आधी उघडते. म्हणजे बरीचशी आरक्षणं तिबिलिसी आणि अल्माटीतून होणार, तिथे इंटरनेट चांगलं मिळेल असे मुक्काम धरले. १२३०६ या अधिकृत अ‍ॅपवर परदेशी पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, खातं आत्ताच उघडलं. तिकीट कागदावर नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. त्यामुळे क्रमांकातला एक अंक चुकला तरी फाटकावर अडणार. वेगवान गाड्यांऐवजी जुन्या गाड्यांचा कठीण शयनवर्ग: सहा बर्थचा उघडा कप्पा, रात्र वाचते, भाडं कितीतरी कमी. उरुम्ची-लांझोऊ, लांझोऊ-चेंगदू, चेंगदू-कुनमिंग असे तीन तुकडे. प्रत्येक तुकड्यानंतर किमान दोन रात्री.

कुनमिंग-व्हिएन्तिआन १,०३५ किलोमीटर, सीमापार प्रवासी गाडी एप्रिल २०२३ पासून, साधारण दहा तास. सीमेवरच्या मोहान (चीन) आणि बोतेन (लाओस) या दोन्ही ठिकाणी सामानासकट उतरायचं. व्हिएन्तिआन-बँकॉक रात्रगाडी जुलै २०२४ पासून थेट आहे, पण पहिल्या स्थानकापासून दुसऱ्यापर्यंत शहर ओलांडून जावं लागतं. त्याच दिवशी जोड धरू नये. बँकॉकची लांबची गाडी आता क्रुंग थेप आपिवातहून सुटते, हुआ लाम्फोंगहून नाही. पदांग बेसारला दोन्ही देशांचं इमिग्रेशन एकाच इमारतीत, बाहेर पडताना घड्याळ एक तास पुढे. पुढची मलेशियन गाडी त्याच घड्याळाने, आणि ती तासाभरात सुटणारी असेल तर ती सुटलेली असते.

जोहोर बारू (मलेशिया) ते वुडलँड्स (सिंगापूर): बसने दोनदा सामानासकट उतरा-चढायचं, किंवा पाच मिनिटांची तेब्राऊ शटल. शटलच्या जागा शनिवार-रविवारी मिळत नाहीत. ८ ऑक्टोबर बुधवार आहे, शटल.

१७ ऑगस्ट

युरोपीय संघाची नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली १२ ऑक्टोबरला सुरू होणार. अथेन्सला त्याआधी उतरतो, पण विमान दोन दिवस पुढे ढकलावं लागलं तर बोटांचे ठसे आणि फोटो, आणि रांगेचा वेळ. पुढच्या तिकिटात तो धरायचा.

आगमन अर्ज तीन, तिन्ही पोचण्याआधीच्या तीन दिवसांतच भरायचे, तिन्ही फुकट: थायलंडचा डिजिटल अर्ज (१ मे २०२५ पासून), मलेशियाचा, सिंगापूरचा. पैसे मागणारी संकेतस्थळं अधिकृत नव्हेत. रात्रगाडीत नेटवर्क जातं, म्हणून थायलंडचा व्हिएन्तिआनच्या मुक्कामात, मलेशियाचा बँकॉक सोडण्याआधी, सिंगापूरचा ६ ऑक्टोबरला.

राखीव १२ पैकी १२ शिल्लक. वाहतुकीत अर्धा एकक वाचला, तो तिबिलिसीच्या जादा रात्रींकडे वळवला.

छापील पाकिटं दोन, दोघांकडे एकेक: पासपोर्टची प्रत, विमा, व्हिसा, परतीचं तिकीट, जोडांचा तक्ता. मूळ पासपोर्ट ज्याचा त्याच्या अंगावर. सोफिया स्थानकावरची खिडकी २१ तारखेला सकाळी.